तन्मणी किंवा मोत्याचं पेंडंट घ्यायला निघण्याआधी

पेंडंट असलेला मोत्याचा दागिना दिसतो एकसंध, पण असतो तीन वस्तूंचा जोड: मोती, मधलं खोड किंवा पेंडंट, आणि हे सगळं धरून ठेवणारा दोरा आणि हूक. तिन्हींची किंमत वेगळी, कस वेगळा, आणि जुन्या दागिन्यात वयही वेगळं. म्हणून दुकानाची यादी करण्याआधी वहीत तीन रकाने आखावेत आणि जे काही विचारायचं, तपासायचं, लिहून घ्यायचं ते रकान्यांप्रमाणे मांडावं. जुना तन्मणी, म्हणजे मोत्यांच्या सरांमध्ये जडावाचं खोड बसवलेला पारंपरिक दागिना, घेताना तर हे टाळूच नये. रेशमी दोरा वापराने सैल होतो, काळा पडतो, तुटतो. मग सर पुन्हा गाठवले जातात. त्या वेळी फुटके मोती जातात, नवे येतात, कधी घरातल्या दोघींमध्ये सर वाटले जातात. बडोद्याच्या गायकवाडांचा सात सरांचा हार सर्वपरिचित आहे. त्यातले निवडक मोती घेऊन पुढे दोन सरांचा हार बांधला गेला आणि तो २००७ साली न्यूयॉर्कला क्रिस्टीजच्या लिलावात सुमारे ७१ लाख डॉलरना गेला. राजघराण्यातला हार पुन्हा बांधला जातो, तर पेठेतल्या वाड्यातला का नाही? खोड शंभर वर्षांचं आहे हे खरं असलं, तरी त्यावरून मोत्यांचं वय सिद्ध होत नाही. दोन्ही स्वतंत्रपणे पटले पाहिजेत.

निघण्याआधी घरी गळ्याचं माप घ्यावं. सुती दोरा गळ्याभोवती धरून खोड जिथे हवं तिथे बोटाने दाबावं आणि दोरा पट्टीवर मोजावा. ३५ ते ४० सेंटीमीटरचा दागिना गळ्यालगत बसतो, ४३ ते ४८ चा गळपट्टीच्या हाडाखाली येतो, ५० च्या पुढचा छातीवर. ज्या ब्लाउजवर किंवा कुर्त्यावर घालायचा आहे, तो आरशासमोर घालूनच हे माप घ्यावं, कारण बंद गळ्यावर ४० सेंटीमीटरचं पेंडंट कापडाच्या काठावर अडकतं आणि तिरकं होतं. पाठीमागे रेशमी गोफ आणि सरकगाठ असेल तर लांबी पाच-सात सेंटीमीटरने कमीजास्त करता येते. हूक असेल तर दोन जादा कड्या लावून मागाव्यात.

पिशवीत काय न्यायचं? दहा पटीचं भिंग, छोटी पण प्रखर टॉर्च, चमक नसलेलं पांढरं कापड, प्लास्टिकचा व्हर्नियर कॅलिपर (लोखंडी जबड्यांनी मोत्यावर ओरखडा येतो), आणि घरात खात्रीचा एखादा मोती असेल तर तो. तुलनेला हाताशी काही नसलं की डोळा दुकानातल्या उजेडाच्या आहारी जातो. वेळ दुपारी चारच्या आतली ठेवावी आणि मोती दारापाशी किंवा खिडकीपाशी, पांढऱ्या कापडावर ठेवून बघावेत. पिवळ्या दिव्यांखाली मळकट पांढराही दुधाळ क्रीम भासतो. अत्तर, हँड क्रीम लावून जाऊ नये. पारख बिघडते आणि मोत्यालाही ते बरं नाही.

दुकानात कानावर पडणारी नावं आधी समजून घ्यावीत. बसऱ्याचे मोती म्हणजे इराणच्या आखातातले नैसर्गिक मोती. ते मुंबईच्या बाजारात येत, इथे प्रतवारी होई आणि पुढे जगभर जात. १९२० च्या दशकात जपानी कल्चर्ड मोती, म्हणजे माणसाने शिंपल्यात मुद्दाम वाढवलेले मोती, बाजारात उतरले, पाठोपाठ जागतिक मंदी आली आणि तो व्यापार कोसळला. आज नवीन म्हणून मिळणारा जवळपास प्रत्येक मोती कल्चर्ड असतो आणि त्यात कमीपणा काहीच नाही. हैदराबादी मोती हैदराबादला पिकत नाहीत. तिथे भोकं पाडणं, निवडणं, ओवणं ही पिढीजात कारागिरी आहे. माल बहुतेक चीनमधल्या गोड्या पाण्यातला. अकोया जपानी, साधारण ३ ते ९ मिलिमीटर, गोल आणि आरशासारखा. साउथ सी ९ ते १६ मिलिमीटर, पांढरा किंवा सोनेरी, चमक मऊ. ताहितीचा ८ ते १४ मिलिमीटर, रंगाने काळा, राखाडी, मोरपंखी. ‘शेल पर्ल’ मात्र नकली मोती आहे: शिंपल्याचा किंवा त्याच्या भुकटीचा मणी, वर रंगाचा लेप. मागे ‘साउथ सी’ असं जोडलं तरी तो लेपच. एएए, एए या प्रतींना जगमान्य असं एकच मोजमाप नाही. एका दुकानाचा एए दुसऱ्याच्या एएएपेक्षा सरस निघू शकतो, तेव्हा अक्षरांवर पैसे मोजू नयेत.

एकच मोती बसवलेल्या पेंडंटमध्ये माबे ओळखता यायला हवा. तो शिंपल्याच्या भिंतीवर वाढवलेला अर्धगोल फुगा असतो. कापून, आतला मणी काढून, पोकळीत राळ भरून मागे शिंपल्याची चकती चिकटवतात. समोरून पंधरा मिलिमीटरचा भव्य मोती दिसतो. पेंडंट आडवं धरून कडेची जोडरेषा बघावी. सोन्याच्या कोंदणाने कड पूर्ण झाकली असेल तर थेट विचारावं. माबे सुंदर असतो, पण त्याला पूर्ण मोत्याची किंमत देऊ नये आणि पाण्यापासून दूर ठेवावा, नाहीतर जोड सुटतो.

आता प्रत्यक्ष पारख. सगळ्यात आधी पाणी, म्हणजे चमक. मोत्यात खिडकीच्या चौकटीची कड रेखीव दिसली तर पाणी चांगलं. कड धूसर झाली तर मध्यम. नुसता पांढरा खडूसारखा उजेड दिसला तर मोत्याचा थर पातळ आहे किंवा मोती वाळला आहे. आकार आणि डाग यांच्यापेक्षा पाण्याला जास्त महत्त्व द्यावं. एखादा खळगा पेंडंटच्या मागच्या बाजूला लपतो, मंद चमक कशानेच लपत नाही. नंतर सर सपाट कापडावर ठेवून हलके लाटावा. भोक मध्यावर नसलेले मोती डगमगतात आणि गळ्यातही तसेच वाकडे बसतात.

दोन मोती एकमेकांवर अलगद घासले की खऱ्याची किंचित खरखर जाणवते, नकली गुळगुळीत सरकतात. दातांवर घासण्यापेक्षा हे बरं, आणि दुकानदाराला विचारूनच करावं. या कसोटीने नकली तेवढे कळतात; नैसर्गिक आणि कल्चर्ड दोन्ही खरखरतातच. वजनाने प्लास्टिक पकडता येतं, काच नाही, कारण काचेची घनता मोत्याच्या आसपास जाते. खरी माहिती भोकात असते. भिंग आणि टॉर्च तिथे लावावी. नकलीच्या भोकाच्या काठाशी लेप सालपटासारखा उचललेला किंवा गोळा झालेला दिसतो. मणी घालून वाढवलेल्या कल्चर्ड मोत्यात थोडं आत एक काळपट रेष दिसते, मणी आणि मोत्याचा थर यांच्यामधली. रेष काठाच्या अगदी जवळ असेल तर थर पातळ. अकोयात तो ०.३ मिलिमीटरच्या खाली असेल तर घेऊ नये, काही वर्षांत सोलवटतो. भोकाच्या तोंडाशी रंग गडद झाला असेल तर मोती रंगवलेला आहे.

इथेच बसऱ्याच्या नावाखाली सगळ्यात जास्त फसगत होते. भोक बारीक, आत रेष नाही, रंग क्रीम, म्हणजे नैसर्गिक, असा हिशोब मांडला जातो. पण चीनमधले गोड्या पाण्याचे बरेच मोती मण्याशिवाय, फक्त शिंपल्याच्या पेशींचा तुकडा रोवून वाढवतात. त्यांच्या आत मणीच नाही, तर रेष कुठून दिसणार? त्यांना थोडी जुनकट छटा दिली, जुन्या खोडाशी जोडलं, की नजर हरते. नैसर्गिक की कल्चर्ड हे प्रयोगशाळेतल्या एक्स-रे तपासणीशिवाय ठरत नाही. मुंबईत जीआयएची (जेमॉलॉजिकल इन्स्टिट्यूट ऑफ अमेरिका) प्रयोगशाळा आहे, जेमॉलॉजिकल इन्स्टिट्यूट ऑफ इंडियाही आहे. सौदा ‘अहवाल नैसर्गिक आला तरच’ या अटीवर, लेखी करावा. सगळे मोती तपासणार की नमुन्याचे, हे प्रयोगशाळेला आधी विचारावं आणि अहवालात तसं लिहिलं आहे ना, ते वाचावं. नैसर्गिक मोत्याची किंमत वजनाच्या वर्गाच्या (वजन गुणिले वजन) हिशोबाने चढते. मुंबईच्या व्यापारात त्यासाठी ‘चव’ हे माप चालत आलं आहे. प्रत तीच राहिली तर दुप्पट वजनाच्या मोत्याला साधारण चौपट मोल. म्हणजे चढत्या आकाराच्या सरात पैसा मधल्या चार-सहा मोत्यांत असतो, आणि बदललेले मोती हुडकायचे तेही तिथेच.

वजनाचं गणित दुकानात जाण्याआधी कागदावर करून न्यावं. गोल मोत्याचं वजन साधारण असं धरावं: ४ मिलिमीटरचा ०.०९ ग्रॅम, ८ चा ०.७ ग्रॅम, १० चा १.४ ग्रॅम, १२ चा २.४ ग्रॅम. ४० सेंटीमीटरच्या एका सरात ४ मिलिमीटरचे शंभर मोती बसतात, त्यांचे नऊ ग्रॅम. पाच सरांचे पंचेचाळीस. तन्मणीचं एकूण वजन साठ ग्रॅम भरलं, तर खोड, कड्या, दोरा, लाख, खडे मिळून पंधराच्या आसपास उरतात, आणि निव्वळ सोनं त्याहून कमी. कुणी साठ ग्रॅमवर सोन्याचा भाव किंवा मजुरी लावत असेल तर तिथेच थांबवावं.

हॉलमार्कबद्दल: १ एप्रिल २०२३ पासून दुकानातून विकल्या जाणाऱ्या हॉलमार्कच्या सोन्यावर बीआयएसचं (भारतीय मानक ब्यूरो) चिन्ह, २२के९१६ किंवा १८के७५० असा कस आणि सहा अक्षरांकांचा एचयूआयडी, म्हणजे त्या दागिन्याचा ओळख क्रमांक, हवा. तो ‘बीआयएस केअर’ ॲपमध्ये टाकून दागिन्याचा प्रकार जुळतो का बघावं. कुंदन, पोलकी, जडाऊ या कामांना मात्र या सक्तीतून सूट आहे. तेव्हा जडावाच्या खोडावर शिक्का नसणं म्हणजे लबाडी नव्हे. पण मग कस आणि निव्वळ सोन्याचं वजन बिलावर लिहून घेण्याची जबाबदारी आपली. दुकानात कस मोजणाऱ्या यंत्रावरचा आकडा फक्त पृष्ठभागाचा असतो, जाड मुलाम्याखालची चांदी त्याला दिसेलच असं नाही.

खोड उलटं करून बघावं. पुढची बाजू सगळे बघतात, खरी हकीकत मागे असते. कानाजवळ धरून हलकेच हलवावं. खुळखुळ ऐकू आली तर आतली लाख सुटली आहे किंवा खडा सैल आहे. हिऱ्याखाली करडा-तपकिरी ढग दिसला तर खड्यामागच्या पन्नीपर्यंत पाणी गेलं आहे. ते पुसून जात नाही, खडा काढून पन्नी बदलावी लागते. लाल खडा दिसला की माणिक समजू नये. कृत्रिम माणिक विसाव्या शतकाच्या सुरुवातीपासून बाजारात आहे, त्यामुळे अस्सल जुन्या खोडातही ते सापडतं. सरांच्या कड्या जिथे घासतात तिथली तार भिंगाखाली बघावी. जाडी निम्मी राहिली असेल तर दुरुस्तीचा खर्च किमतीतून वळता करून घ्यावा. ही डागणी साधी नाही. मोती, लाख आणि पन्नी यांना आच सोसत नाही, आधी सगळं सोडवावं लागतं. नव्या चांदीच्या तन्मणीत सोन्याचा मुलामा आणि अमेरिकन डायमंड असतात. रोज मिरवायला तो उत्तमच, फक्त त्याची किंमत मोत्यांवर आणि कारागिरीवर ठरावी.

आधुनिक एकमोती पेंडंटात मोती बहुधा अर्धाच भोकलेला असतो आणि सोन्याच्या खुंटीवर चिकटवलेला. दोन बोटांत धरून अगदी हळू फिरवून बघावा. जरा जरी फिरला तर गोंद सुटला आहे. साखळीची कडी पेंडंटच्या कडीतून सहज सरकते ना, आणि बारा मिलिमीटरच्या मोत्याला साखळी फार नाजूक तर नाही ना, हेही बघावं. दोऱ्यासाठी रेशीम मागावं. मासेमारीच्या नायलॉनने सर ताठ राहतो, तारेने भोकं झिजतात. मोठ्या मोत्यांत प्रत्येकामध्ये गाठ असावी, म्हणजे तुटलं तरी एकच मोती निखळतो. बारीक मोत्यांच्या सरांत ते शक्य नसतं. सर उभा धरल्यावर मोत्यांमध्ये फट दिसली तर दोरा ताणला गेला आहे. जुना दागिना घेतला की गाठवणीचा खर्च धरूनच चालावं आणि पटवेकऱ्याकडे देताना मोती मोजून, फोटो काढून द्यावेत.

बिलावर नुसतं ‘खरा मोती’ चालणार नाही. कल्चर्डही खराच असतो. नैसर्गिक, कल्चर्ड खाऱ्या पाण्याचा, कल्चर्ड गोड्या पाण्याचा, की नकली, हे स्पष्ट शब्दांत हवं. सोबत मोत्यांची संख्या, मिलिमीटरमधला आकार, रंगवलेला असल्यास तसं, सोन्याचं निव्वळ वजन, मजुरी, ३ टक्के जीएसटी. मोडीत देताना मोत्यांचे किती मिळतील, हेही त्यातच लिहून घ्यावं. बऱ्याच ठिकाणी उत्तर शून्य असतं, आणि ते आज कळलेलं बरं.

परदेशी राहणाऱ्या नातेवाइकांसाठी जुना दागिना घेत असाल तर आणखी एक काम. १९७२ च्या पुरावस्तू कायद्यानुसार शंभर वर्षांहून जुनी पुरावस्तू देशाबाहेर नेता येत नाही. विक्रेता ‘सव्वाशे वर्षांचा’ म्हणत असेल तर पैसे देण्याआधी भारतीय पुरातत्त्व सर्वेक्षण विभागाकडे वस्तू दाखवून ती पुरावस्तू नसल्याचा दाखला मिळतो का, हे विचारावं.

घरी ठेवण्याची सोयही आधीच करावी: मऊ सुती किंवा मलमलची पिशवी, हिऱ्याच्या दागिन्यांपासून वेगळा कप्पा, आणि सर आडवे ठेवता येतील असा डबा, कारण टांगून ठेवलं की दोरा लांबतो. हवाबंद प्लास्टिकमध्ये घालून लॉकरमध्ये वर्षानुवर्षं ठेवलेले मोती कोरडे पडून तडकू शकतात. घालताना साडी, पावडर, अत्तर सगळं झाल्यावर शेवटी घालावा, आणि काढल्यावर घाम किंचित ओलसर कापडाने पुसून, दोरा पूर्ण वाळल्यावरच आत ठेवावा.