अपमान कुणी केला, कुणाचा झाला: ‘ह्युमिलिएट’ नीट वापरण्यासाठी

नोकरी करणाऱ्या मोठ्या माणसांना मी संध्याकाळी इंग्रजी शिकवते. एकदा एक विद्यार्थिनी तक्रार अर्जाचा मसुदा घेऊन आली. वरिष्ठ तिला सगळ्यांदेखत नाही नाही ते बोलले होते. तिसऱ्या ओळीत तिने लिहिलं होतं, ‘आय वॉज व्हेरी ह्युमिलिएटिंग इन द मीटिंग.’ तिला सांगायचं होतं की मीटिंगमध्ये माझा फार अपमान झाला. वाचणाऱ्याला मात्र भलतंच कळणार होतं: मीटिंगमध्ये मीच लोकांचा पाणउतारा करत होते. शेवटी ‘एड’ऐवजी ‘इंग’ लागलं आणि सोसणारी बाई करणारी ठरली. तेव्हापासून हा शब्द मी कधीच घाईत शिकवत नाही.

तर पहिली गोष्ट हीच. ज्याच्या मनाला लागलं तो ‘ह्युमिलिएटेड’. ज्या वागण्याने, बोलण्याने किंवा प्रसंगाने लागलं ते ‘ह्युमिलिएटिंग’. ‘आय फेल्ट ह्युमिलिएटेड’ म्हणजे मला अपमानित वाटलं. ‘हिज रिमार्क वॉज ह्युमिलिएटिंग’ म्हणजे त्याचं ते बोलणं अपमानास्पद होतं. वर्तमानपत्रं ज्याला मानहानीकारक पराभव म्हणतात तो ‘अ ह्युमिलिएटिंग डिफीट’. इथे आधी ‘ॲन’ नको, ‘अ’च हवा, कारण ‘ह’चा उच्चार होतो.

दुसरी अडचण आपल्या मराठीतून येते. आपण अपमान ‘करतो’, तोही कुणाचा तरी. म्हणून वाक्य तयार होतं, ‘ही डिड माय ह्युमिलिएशन’ किंवा ‘ही गेव्ह मी ह्युमिलिएशन’. इंग्रजीत हे करणं क्रियापदाच्या पोटातच आहे. ‘ही ह्युमिलिएटेड मी’, एवढं पुरतं. मध्ये ‘टु’ घालू नका. आणि कर्म गाळूही नका: ‘ही ह्युमिलिएटेड’ एवढ्यावर थांबलात, तर कुणाला हे विचारावंच लागतं. स्वतःच्याच वागण्याने शोभा झाली असेल, तर ‘ही ह्युमिलिएटेड हिमसेल्फ’. ज्याने केलं त्याच्या आधी ‘बाय’ येतो आणि ज्यांच्यादेखत झालं त्यांच्या आधी ‘इन फ्रंट ऑफ’. रोज घडत असेल, तर ‘आय ॲम बीइंग ह्युमिलिएटेड एव्हरी डे’. यातला ‘बीइंग’ माझे विद्यार्थी हमखास विसरतात.

शब्दाचं वजन ओळखणं याहून अवघड आहे. मराठीत ‘अपमान’ बऱ्याच जागी चालून जातो, इंग्रजी मात्र वाटणी करतं. कुणी तोंडावर वाईट बोललं, तर तो ‘इन्सल्ट’. त्याने तुम्ही खचलात की नाही, हे त्या शब्दात येत नाही. भाषणात नाव चुकलं, सगळे हसले, तुम्ही ओशाळलात, तर ‘एम्बॅरस्ड’. ही आपली फजिती, चार दिवसांत विसरली जाते. स्वतःच्या हातून चूक झाली आणि मनाला खात राहिली, तर ‘अशेम्ड’. ‘ह्युमिलिएटेड’ या सगळ्यांहून जड. त्यात चारचौघांतली किंमत जाते, माणूस लहान केला जातो. चहा सांडल्यावर ‘आय वॉज ह्युमिलिएटेड’ म्हणू नका. खरोखर सांगायची वेळ येईल तेव्हा शब्द बोथट झालेला असेल.

हे वजन शब्दाच्या मुळातच आहे. लॅटिन ‘ह्यूमस’ म्हणजे जमीन, माती. त्यावरून ‘ह्युमिलिस’ म्हणजे खालचा, जमिनीलगतचा. आपणही अब्रू मातीत गेली, धुळीला मिळाली असंच म्हणतो. हे जुळणं विद्यार्थ्यांना दाखवलं की अर्थ पुन्हा समजावावा लागत नाही.

त्याच मुळातून ‘हम्बल’ आणि ‘ह्युमिलिटी’ आले आणि तिथे मोठी गल्लत होते. ‘ह्युमिलिटी’ म्हणजे नम्रता. ती माणसाची स्वतःची असते. ‘ह्युमिलिएशन’ दुसऱ्याकडून किंवा परिस्थितीकडून वाट्याला येतं. एका शिफारसपत्रात मी ‘अ मॅन ऑफ ग्रेट ह्युमिलिएशन’ असं वाचलं आहे. लिहिणाऱ्याला तो माणूस किती विनम्र आहे हे सांगायचं होतं. सत्काराला उत्तर देताना ‘आय ॲम हम्बल्ड’ म्हणतात, ‘ह्युमिलिएटेड’ नव्हे.

मराठी ‘मानहानी’चंही भान ठेवा. मानहानीचा दावा म्हणजे ‘डिफमेशन’, कारण तिथे मुद्दा लोकांतल्या नावाला लागलेल्या धक्क्याचा असतो. बंद खोलीत, तिसरं कुणी नसताना कुणी तुम्हाला तुच्छ लेखलं, तर ते ‘ह्युमिलिएशन’ असू शकतं, ‘डिफमेशन’ सहसा नाही. अर्जात एकाच्या जागी दुसरा शब्द टाकलात, तर तक्रारच बदलते.

हा शब्द केवळ भावनेचा आहे असंही समजू नका. युद्धात माणसांना कसं वागवायचं हे ठरवणाऱ्या 1949च्या जिनिव्हा करारांमध्ये चारही करारांना समान असलेलं तिसरं कलम आहे. त्यात माणसाच्या प्रतिष्ठेवरचे आघात, विशेषतः ‘ह्युमिलिएटिंग अँड डिग्रेडिंग ट्रीटमेंट’, निषिद्ध ठरवली आहे. शब्दाचं रूप पाहा: ‘ट्रीटमेंट’, म्हणजे वागणूक, म्हणून ‘इंग’. चीनच्या इतिहासात पहिल्या अफू युद्धापासून, म्हणजे 1839पासून, 1949पर्यंतच्या काळाला ‘सेंच्युरी ऑफ ह्युमिलिएशन’ म्हणतात. तिथे नाम एकवचनी, कारण तो एक सलग अनुभव मानला आहे. वेगवेगळे, पुन्हा पुन्हा घडलेले प्रसंग सांगायचे असतील, तर ‘ह्युमिलिएशन्स’ हे अनेकवचनही चालतं.

उच्चारात क्रियापदाचा जोर ‘मि’वर: ह्यू-मि-लि-एट. नामाचा ‘ए’वर: ह्युमिलि-ए-शन.

त्या विद्यार्थिनीचा अर्ज आम्ही दोघींनी पुन्हा लिहिला. आधी काय घडलं ते, मग काय वाटलं ते. ‘ही कॉल्ड मी युजलेस इन फ्रंट ऑफ ट्वेल्व्ह कलीग्ज. आय फेल्ट ह्युमिलिएटेड.’ पहिल्या वाक्याला साक्षीदार आहेत आणि दुसरं तिचं स्वतःचं आहे, ते खोडून काढायला कुणी येऊ शकत नाही. ‘व्हेरी’ ठेवू का, असं तिने विचारलं. या शब्दाला जोर द्यायचाच तर ‘डीपली’ किंवा ‘पब्लिकली’ शोभतो, पण इथे बारा माणसं आधीच्या वाक्यात बसलेली होती. तिने ती पुन्हा मोजली, प्रत्येकाचं नाव मनात घेत, आणि ‘व्हेरी’वर काट मारली.