कंबोडियाच्या आजच्या कलाकारांची एक संध्याकाळ आपल्या गावात कशी भरवाल

कंबोडिया म्हटलं की आपल्याकडची माणसं थेट अंगकोर वाटच्या जुन्या देवळावर जातात. थोडं जास्त वाचलेलं असेल तर पोल पॉटवर, म्हणजे १९७० च्या दशकात तिथे हत्याकांड घडवणाऱ्या हुकूमशहावर. कार्यक्रम करायचा असेल तर या दोन्हीपासून सुरुवात करू नका. अंगकोर दाखवलंत की पहिल्या रांगेतले दोन काका ‘म्हणजे सगळं आपलंच की’ यावर अर्धा तास घेतात. हत्याकांड दाखवलंत की लोक हळहळतात, आणि हळहळणारा माणूस काम नीट बघत नाही. आज नॉम पेन्ह, बट्टाम्बांग, सिएम रीप या शहरांत बसून जे काम चाललंय ते दोन्हीकडून राहून जातं.

मी मिरजेजवळच्या शाळेत चित्रकला शिकवते. सांगलीत आमचा छोटा गट आहे, एकेका देशाचं काम एकत्र बसून बघतो. ख्मेर, म्हणजे कंबोडियाच्या कलाकारांचा कार्यक्रम कसा केलात, असं साताऱ्याच्या एका सरांनी विचारलं, म्हणून हे सविस्तर लिहितेय.

सुरुवात वेतापासून करा. सोफीप पिच यांचा जन्म १९७१ चा, बट्टाम्बांगचा. लहानपणी घरच्यांबरोबर अमेरिकेला गेले, तिकडे चित्रकला शिकले आणि २००२ मध्ये परत आले. २००४ मध्ये त्यांनी वेताच्या कामट्यांची फुफ्फुसं केली, नाव ‘सायलेन्स’. तिथून पुढे ते मुख्यतः वेत आणि बांबूच्याच मागे लागले. २०१२ मध्ये जर्मनीत कासेलच्या ‘डॉक्युमेंटा’ या आजच्या कलेच्या मोठ्या प्रदर्शनात आणि २०१३ मध्ये न्यूयॉर्कच्या मेट्रोपॉलिटन संग्रहालयात त्यांचं काम लागलं.

आता महत्त्वाचं. कार्यक्रमाला टोपल्या-सुपं विणणाऱ्या कुणालातरी आवर्जून बोलवा, आणि मागे उभं नका ठेवू, पुढे खुर्ची द्या. आमच्याकडे जे मामा आले होते ते पिच यांनी वेत-बांबूतून केलेल्या बुद्धाचा फोटो लागताच उठून पडद्यापाशी गेले. एका सांध्यावर बोट ठेवून म्हणाले, “बाई, ह्ये इणलेलं न्हाई. कामटीवर कामटी ठिवून नुसतं तारंनं आवळलंय. म्हणून आरपार दिसतंय बघा.” मग विचारलं, कीड कशी लागत न्हाई? पिच यांच्याकडे वेत डिझेलमध्ये उकळतात हे मी सांगितलं, तर मामा हसले. आपल्याकडे बांबू पाण्यात मुरवतात, ते कसं हे त्यांनी मग सगळ्यांना समजावलं. हा बुद्ध छातीपाशी आकार धरून आहे आणि खाली कामट्या सुट्या लोंबतायत, टोकं लाल. ख्मेर रूजच्या, म्हणजे पोल पॉटच्या राजवटीच्या काळानंतर गावाकडच्या विहारात पिच यांनी लहानपणी जे पाहिलं, त्याची ती आठवण. हे सांगायची वेळ आता येते, आधी नाही.

फोटोची काळजी घ्या. वेताच्या जाळीच्या बारीक रेघा हलक्या फोटोत धुरकट डाग होऊन बसतात. संग्रहालयाच्या संकेतस्थळावरून मोठी प्रतिमा थेट उघडा, खिडक्यांना सतरंज्या लावून खोली अंधारी करा. भिंत पिवळट असेल तर पांढरी चादर ताणून बांधा, खालच्या काठाला चिमटे लावून. आणि हे कलाकार हयात आहेत, त्यांच्या कामावर त्यांचा हक्क आहे. पत्रिकेवर किंवा फ्लेक्सवर चित्र छापायचं असेल तर कलाकाराला किंवा त्याच्या गॅलरीला आधी लिहून विचारा. उत्तर आलं नाही तर पत्रिका नुसत्या अक्षरांची करा, छान दिसते. नाव छापताना एक सांभाळा: कंबोडियात आडनाव आधी येतं, परदेशी कॅटलॉगमध्ये उलटं. कुठलंही एक घ्या, पण सगळ्या पत्रिकेत एकच ठेवा.

जागेबद्दल माझं मत ठाम आहे. नाट्यगृह घेऊ नका, सोसायटीचा हॉल किंवा वाचनालयाची वरची खोली घ्या. या कलाकारांनी स्वतःच्या गावात प्रेक्षक असाच मिळवलाय. २००७ मध्ये नॉम पेन्हमधल्या काही तरुण छायाचित्रकारांनी ‘स्तीव सेलापाक’ नावाचा गट केला आणि २०१० मध्ये ‘सा सा आर्ट प्रोजेक्ट्स’ थेट व्हाइट बिल्डिंगमध्ये उघडलं. ही १९६३ ची लांबलचक चाळवजा इमारत. खाली दुकानं, वर बिऱ्हाडं, जिन्यात पोरं, आणि मधेच कलेची खोली. इमारत २०१७ मध्ये पाडली, काम दुसऱ्या जागेत चालू राहिलं.

याच गटातले ख्वाय साम्नांग. २०११ मधल्या त्यांच्या कामात ते नॉम पेन्हच्या तळ्यांत छातीभर पाण्यात उभे राहून डोक्यावर वाळूची बादली ओततात. बांधकामासाठी शहरातली तळी वाळूने बुजवली जात होती. बोएंग काक तळ्याकाठची हजारो कुटुंबं उठली. हे दाखवताना काही बोलू नका. २००५ आणि २०१९ चा पूर पाहिलेल्या सांगलीकरांना पाणी कुठे जाणार, हे समजवावं लागत नाही. आमच्याकडे चर्चा आपोआप ओढे-नाल्यांवर गेली आणि बराच वेळ तिथेच रेंगाळली. रेंगाळू द्या.

मुलं असतील तर पुढचं काम स्वाय सारेथ यांचं घ्या. त्यांनी २०११ मध्ये ८० किलोचा धातूचा गोळा सिएम रीपहून नॉम पेन्हपर्यंत ओढत नेला, सुमारे २५० किलोमीटर. सांगली ते पुणे इतकं म्हणा, पोरं गप्प होतात. याच सारेथनी निर्वासितांच्या छावणीतून परतल्यावर मित्रांबरोबर १९९४ मध्ये बट्टाम्बांगला ‘फार पोन्लू सेलपाक’ ही कलाशाळा उभी केली. चित्रकलेपासून सर्कशीपर्यंत सगळं तिथे शिकवतात.

वान नाथ शेवटी ठेवा. नॉम पेन्हमधल्या तुओल स्लेंग या ख्मेर रूजच्या तुरुंगातून वाचलेले ते चित्रकार. पोल पॉटची चित्रं काढून हवी होती म्हणून जिवंत ठेवलेले. नंतर त्यांनी तुरुंगात जे घडलं ते रंगवलं, २००९ मध्ये ख्मेर रूजच्या खटल्यात न्यायालयात साक्ष दिली, आणि २०११ मध्ये गेले. छळाची चित्रं लहान मुलांसमोर लावू नका. त्यांना तेवढ्या वेळात बाहेर भडंग आणि चहाच्या कामाला लावा.

एखादा कलाकार व्हिडिओ कॉलवर यायला तयार झाला तर तिकडचं घड्याळ आपल्यापुढे दीड तास असतं हे लक्षात ठेवा. आपले सहा म्हणजे त्यांचे साडेसात, त्यामुळे उशिरा सुरू करू नका. एप्रिलच्या मध्यात त्यांचं नवं वर्ष असतं. आपल्या पितृपंधरवड्याच्या सुमारास त्यांचंही पितरांचं पर्व असतं, प्चुम बेन. त्या दिवसांत माणसं गावाकडे जातात, तेव्हा विचारूच नका. इंग्रजीतून प्रश्न सुचणार नाहीत म्हणून लोक बिचकतात. प्रश्न मराठीतच घ्या आणि भाषांतर करणारा एक माणूस आधीच ठरवा.

मानधन द्या. ‘तुमची ओळख होईल’ हे वाक्य तिकडच्या कलाकारांनीही पुष्कळ ऐकलं असणार. रक्कम छोटी असली तरी आधी कळवा. परदेशी पैसे पाठवताना बँक कारण विचारते, तेव्हा निमंत्रणाचं पत्र आणि त्यांचं बिल फाइलला लावून ठेवा, आणि त्या कामासाठी हाताशी चार दिवस राखा.