ऑप्शनल एसे लिहायचा की सोडायचा, कसं ठरवायचं

दिवाळीची सुट्टी लागली की ओळखीपाळखीतल्या पोरांचे फोन सुरू होतात, अमेरिकेतल्या कॉलेजचे फॉर्म भरायला बसलेली असतात आणि प्रश्न सगळ्यांचा एकच, मावशी या जादा एसेपुढे ऑप्शनल लिहिलंय, मग लिहू की नको? आई म्हणते लिहून टाक कशाला रिस्क घेतेस, बाबा म्हणतात ऑप्शनल आहे ना मग बोर्डाचा अभ्यास कर. दोघांचंही आपापल्या परीने बरोबर असतं म्हणूनच पोरगी अडकते. गेली काही वर्षं मी भाच्यांचे आणि बिल्डिंगमधल्या मुलांचे एसे वाचतेय, त्यातून माझी एक पद्धत बसलीये.

आधी एक वही घ्या, लॅपटॉप नको. प्रत्येक कॉलेजसमोर त्याचे ऑप्शनल प्रश्न आणि शब्दमर्यादा लिहून काढा, आणि हे यंदाच्या फॉर्ममधूनच घ्या, मागच्या वर्षीच्या सीनियरने पाठवलेल्या फाइलमधून नको, प्रश्न दरवर्षी बदलतात. मग प्रत्येक प्रश्नापुढे मराठीत एकच वाक्य लिहायचं: हे वाचून समोरच्याला माझ्याबद्दल अशी कुठली गोष्ट कळेल जी बाकीच्या फॉर्ममध्ये कुठेच नाहीये? मार्क, ॲक्टिव्हिटी, सरांचं रेकमेंडेशन, ६५० शब्दांचा मेन एसे, हे सगळं त्यांच्याकडे आधीच आहे. वाक्य सुचलं तर लिहायचं. दोन दिवस विचार करूनही "मी मेहनती आहे" याच्या पुढे गाडी जात नसेल तर तो प्रश्न सोडायचा, आणि सोडल्याचं मनाला लावून घ्यायचं नाही.

पण याला अपवाद आहे. आमच्याच कॉलेजला का यायचंय किंवा हाच मेजर, म्हणजे मुख्य विषय का, असा प्रश्न असेल तर त्याच्यावर ऑप्शनल लिहिलेलं असलं तरी मी तो कंपल्सरीच धरते. तो रिकामा सोडला तर या मुलाने आपल्या कॉलेजकडे नीट बघितलंच नाही असं वाटायला जागा राहते. स्कॉलरशिपसाठीचा ऑप्शनल एसेही तसाच, पैसे हवेत तर लिहावा लागेल.

आता ॲडिशनल इन्फर्मेशन, इथे आपल्याकडची मुलं सगळ्यात जास्त चुकतात म्हणून जरा सविस्तर सांगते. कॉमन ॲपमध्ये, म्हणजे बऱ्याच कॉलेजांना एकदमच अर्ज करायच्या ऑनलाइन फॉर्ममध्ये, हा कप्पा सगळ्यांसाठी ऑप्शनल असतो, आधी ६५० शब्द मिळायचे, २०२५-२६ पासून ३०० केलेत, आणि अडचणी आणि परिस्थितीबद्दल २५० शब्दांचा वेगळा कप्पा आहे. मार्क घसरले असतील तर त्याचं कारण सांगायची जागा हीच. आपल्याकडे अकरावीला कोण विचारतं? दहावी बोर्ड, बारावी बोर्ड, मधलं वर्ष क्लासमध्ये जातं. पण तिकडची कॉलेजं नववीपासूनचे सगळे मार्क मागतात आणि अकरावीचा आकडा तिथे बारावीइतकाच ठळक दिसतो. परदेशी शाळांमध्ये हे समजावून सांगायला काउन्सेलर असतो, आपल्या ज्युनिअर कॉलेजात एका डिव्हिजनला शंभराच्या वर मुलं, तिथे कोण तुमच्यासाठी लिहिणार? ते तुम्हालाच करावं लागतं.

माझ्या भाचीचं तेच झालं. दहावीला ९३ टक्के, अकरावीला ६८. तिची आई घरातून डबे देते, त्या वर्षी जुलैमध्ये स्टेशनच्या जिन्यावर घसरून आईचा उजवा हात मोडला, मग ही पहाटे चारला उठून साठ पोळ्या लाटायची, डबे भरून द्यायची आणि सातच्या लेक्चरला झोपायची. घरच्यांनी पैसे भरून लावलेल्या सल्लागाराने सांगितलं की मार्कांचा विषयच काढू नकोस, उगाच लक्ष जाईल. मला ते अजिबात पटलं नाही, आकडा समोर दिसतोच आहे, तुम्ही गप्प बसलात तर वाचणारा त्याचं कारण स्वतःच्या मनाने लावणार. तिचा पहिला ड्राफ्ट चारशे शब्दांचा होता आणि त्यात अश्रू फार होते. आम्ही कापत कापत १२० शब्दांवर आणला: कुठला महिना, काय झालं, तिच्यावर काय काम पडलं, मार्कांवर काय परिणाम झाला, हात कधी बरा झाला आणि बारावीच्या युनिट टेस्टला किती मिळाले. बस. हा कप्पा माहितीसाठी असतो, भाषा सजवायला नसतो. आणि खरं कारण नसेल तर तयार करू नका, "क्लासमुळे कॉलेजकडे दुर्लक्ष झालं" एवढंच असेल तर मी ते लिहायला सांगत नाही.

तिसरा प्रकार म्हणजे तुमची पार्श्वभूमी, तुमची कम्युनिटी. जून २०२३ मध्ये अमेरिकेच्या सुप्रीम कोर्टाने ॲडमिशनमध्ये वंशाचा निकष धरायला मनाई केली, पण आपल्या आयुष्यावर पार्श्वभूमीचा काय परिणाम झाला हे मुलांनी स्वतः लिहिलं तर ते विचारात घेता येतं, त्यामुळे त्यानंतर बऱ्याच कॉलेजांनी असे प्रश्न घातले. ड्यूक युनिव्हर्सिटीने अलीकडच्या वर्षांत असे २५० शब्दांचे ऑप्शनल ठेवले होते. इथे वाक्य सुचतं का ते फार कडक बघा, कारण मुंबईची मुलं हमखास लोकल ट्रेन, पाऊस आणि गणपती यावर लिहितात.

परळच्या चाळीतला एक मुलगा असाच गणपतीवरचा ड्राफ्ट घेऊन आला. १८९३, लोकमान्य टिळक, एकोपा, सगळं बरोबर आणि त्यात तो स्वतः कुठेच नाही. मी म्हटलं, तू मंडळात नक्की करतोस काय? म्हणाला, पावती पुस्तक माझ्याकडे असतं. मग हळूहळू बाहेर आलं की एका वर्षी हिशोबात ५०१ रुपये कमी भरत होते, सगळे एकमेकांकडे बघायला लागले, तर याने मंडपाच्या मागे कॅरम बोर्डवर पावत्यांच्या कार्बन कॉप्या नंबरप्रमाणे लावल्या आणि सापडलं, तिसऱ्या मजल्यावरच्या आजींनी पावती घेतली होती पण पैसे पेन्शन आली की देणार होत्या. याने मीटिंगमध्ये नाव घेतलं नाही, हिशोब जुळतोय एवढंच सांगितलं, आणि पुढच्या वर्षीपासून वहीत पेन्सिलने "बाकी" असा एक रकाना आखला. हे २३० शब्दांत बसलं. असं काही तुमच्याकडे असेल तर ऑप्शनल सोडूच नका, माझ्या हाताने तुमच्याकडून लिहून घेईन!

वेळेचा हिशोबही मांडा. कॉलेजात प्रिलिम डिसेंबर-जानेवारीत, बऱ्याच कॉलेजांची रेग्युलर डेडलाइन १ जानेवारीच्या आसपास, आणि एचएससी बोर्डाची परीक्षा फेब्रुवारीत. चांगल्या २५० शब्दांना तीन-चार संध्याकाळी लागतात, म्हणून आधी मेन एसे, मग कंपल्सरी, मग मार्कांचा खुलासा असेल तर तो, मग "आमचंच कॉलेज का", आणि कम्युनिटीवाले सगळ्यात शेवटी. घाईत लिहिलेला पाचवा एसे आधीच्या चार चांगल्यांना खाली ओढतो. कॅलिफोर्निया युनिव्हर्सिटीला मात्र हा गोंधळ नाही, तिथे आठातले चार प्रश्न निवडून प्रत्येकी ३५० शब्दांपर्यंत लिहायचेच, आणि यूकॅसला, म्हणजे यूकेच्या युनिव्हर्सिटींच्या सामाईक अर्जाला, एकच स्टेटमेंट, आता तीन प्रश्नांत विभागलेलं. मुंबईत न्यू मरीन लाइन्सला यूएसआयईएफ या भारत-अमेरिका शैक्षणिक संस्थेचं एज्युकेशनयूएसए नावाचं, अमेरिकेतल्या शिक्षणाचा सल्ला देणारं सेंटर आहे, एखादा प्रश्न कळला नाही तर तिथे विचारा.

सबमिट करायच्या आधी प्रिव्ह्यूची पीडीएफ उघडून फोनवर वाचा, ऑप्शनल कप्प्यात चुकून दुसऱ्याच कॉलेजचं नाव राहिलेलं मी दोनदा पकडलंय. कॉमन ॲपची डेडलाइन साधारणपणे आपल्या इथल्या वेळेने रात्री ११:५९ ची असते, अमेरिकेतली रात्र धरून बसू नका. भाचीने शेवटी दोन ऑप्शनल रिकामे ठेवले, वहीत त्या दोन्हींपुढे वाक्यच आलं नव्हतं. साडेनऊला सबमिट केलं, पीडीएफ मला व्हॉट्सॲप केली आणि झोपली, सकाळी केमिस्ट्रीची प्रिलिम होती.