ट्रान्सप्लांटनंतर नागीण, चामखीळ: या चुका टाळा (मी केल्यात)

किडनी बदलून चार वर्षं झालेली, सगळं नीट चाललेलं, आणि अचानक डाव्या बरगडीखाली आग आग, शर्ट टेकला तरी नको व्हायचं. म्हटलं काहीतरी लचकलं असेल. तिसऱ्या दिवशी पाण्याने भरलेले फोड, पट्ट्यासारखे, छातीच्या मधोमध येऊन थांबलेले. आई म्हणाली नागीण, गेरू लावू. शेजारच्या काकूंचं नेहमीचं, तोंड-शेपटी जुळली की संपलं! (जुळत बिळत नाही हो, तो कांजिण्यांचाच व्हायरस एका नसेच्या पट्ट्यात उठतो. पण आपल्यासारख्यांच्या अंगभर पसरू शकतो, ती भीती मात्र खरी.)

गेरूत दोन दिवस घालवले ही पहिली चूक. अ‍ॅसायक्लोविर किंवा व्हॅलासायक्लोविर (व्हायरसवरची औषधं) फोड आल्यापासून 72 तासांच्या आत सुरू झालेलं बरं, पण उशीर झाला म्हणून घरी बसू नका, नवे फोड येत असतील तर नंतरही देतात. डोस क्रिएटिनिन (किडनी किती काम करतेय ते सांगणारी रक्ताची तपासणी) बघून ठरतो, त्यामुळे दुसऱ्या कोणाची उरलेली स्ट्रिप नको. नाकाच्या शेंड्यावर फोड आला तर त्याच दिवशी डोळ्यांचा डॉक्टर, थांबायचं नाही.

दुखतंय म्हणून मी डायक्लोफेनॅक घेतली आणि डॉक्टरांच्या जाम शिव्या खाल्ल्या, कारण ती आणि आयब्युप्रोफेन किडनीलाच मारतात.

मग नातेवाईकांचं लॉजिक, प्रतिकारशक्ती कमी म्हणून झालं ना, मग टॅक्रोलिमस (नवी किडनी टिकावी म्हणून प्रतिकारशक्ती दाबणारी गोळी) बंद कर आणि गुळवेलीचा काढा घे. अहो, जी दाबून ठेवायला रोज गोळ्या खातो तीच वाढवायची? किडनी रिजेक्ट होईल. कमी करायचं तर डॉक्टर करतील, आपण एक गोळीही चुकवायची नाही.

चामखिळीचं वेगळंच. ब्लेडने कापणं, घोड्याचा केस बांधणं, चुना, सगळं बंद. माझी हनुवटीवर एकच होती, रोज त्यावरूनच रेझर फिरवला आणि महिन्याभरात रेझरच्या रेषेत सात झाल्या. उन्हातल्या जागेवरची भराभर वाढली, रक्त आलं किंवा खपली जातच नसेल तर स्किनवाल्याला दाखवून बायोप्सीचं विचारा, आपल्यात त्वचेच्या कॅन्सरचा धोका जास्त असतो.

लसीचं बोलायचं तर कांजिण्यांची जिवंत व्हायरसची असते, ती सहसा आपल्याला देत नाहीत. नागिणीची शिंग्रिक्स तशी नाही, 2023 पासून भारतात मिळते, दोन डोस, महाग आहे. आणि घरात कोणाला कांजिण्या आल्या तर आपल्याला फोड यायची वाट न बघता त्याच दिवशी ट्रान्सप्लांट कोऑर्डिनेटरला फोन लावा.