जुन्या डेस्कटॉपवर नवी रॅम चालत नाही? जी४१ आणि एच६१ बोर्ड असेल तर आधी चिपा मोजा

रॅम वाढवली आणि डिस्प्ले आला नाही की पहिला संशय रॅमवर जातो. दुकानदार तीच रॅम त्याच्या मशीनला लावून चालवून दाखवतो, मग संशय मदरबोर्डवर जातो. पुष्कळदा दोन्ही धडधाकट असतात. रॅमवरच्या चिपांची रचना बोर्डाच्या चिपसेटला (प्रोसेसर, रॅम वगैरे जोडणाऱ्या मुख्य चिपांच्या संचाला) वाचता येत नाही, एवढंच. म्हणून खरेदीच्या आधी, किंवा खरेदी झाली असेल तर परत करण्याची मुदत संपायच्या आत, पुढच्या गोष्टी तपासा. इथे मुख्यतः २००८ मध्ये आलेला इंटेल जी४१ आणि २०११ मध्ये आलेला एच६१ हे चिपसेट धरले आहेत.

आधी बोर्ड ओळखा. मशीन चालू होत असेल तर सीपीयू-झेड हा मोफत प्रोग्रॅम टाका. ‘मेनबोर्ड’ टॅबमध्ये बोर्डाचं मॉडेल आणि चिपसेट दिसतो, ‘एसपीडी’ टॅबमध्ये प्रत्येक स्लॉटमधल्या रॅमची माहिती. मशीन बंद पडलं असेल तर मॉडेल बोर्डावरच छापलेलं असतं, बहुधा स्लॉटांच्या मधल्या मोकळ्या जागेत. जी४१ चे काही बोर्ड डीडीआर२ चे आहेत, काही डीडीआर३ चे. दोन्ही रॅमना २४०च पिना असतात, पण खाच वेगळ्या जागी असते. रॅम बसत नसेल तर जोर लावू नका; खाच जुळत नाही म्हणजे रॅमच चुकीची आहे.

चिपांचा हिशोब

जी४१ ला २ गिगाबिटपर्यंतच्या चिपा वाचता येतात. ४ जीबी म्हणजे ३२ गिगाबिट. ते १६ चिपांत वाटले तर प्रत्येक चिप २ गिगाबिटची होते आणि रॅम चालते. ८ चिपांत वाटले तर प्रत्येक चिप ४ गिगाबिटची, आणि इथेच गाडी अडते: एकतर डिस्प्ले येत नाही, नाहीतर ४ च्या जागी २ जीबी दिसते. आज बाजारात मिळणाऱ्या ४ जीबी डीडीआर३ रॅमवर बहुधा एकाच बाजूला ८ चिपा असतात. जी४१ साठी दोन्ही बाजूंना आठ-आठ चिपा असलेली रॅम मागा. अशी जुनी रॅम मुंबईच्या लॅमिंग्टन रोडसारख्या बाजारात वापरलेली मिळते. घेताना हातात घेऊन दोन्ही बाजू पाहा, फोनवरच्या ‘चालेल’वर जाऊ नका.

एच६१ ला हाच नियम एक पायरी वर लागू होतो. तिथे ४ गिगाबिटची चिप चालते, म्हणून ८ चिपांची ४ जीबी रॅम बिनधास्त लावा. ८ जीबीची घ्यायची तर १६ चिपांचीच. ८ चिपांच्या ८ जीबी रॅममध्ये प्रत्येक चिप ८ गिगाबिटची असते आणि एच६१ वर बसणारे प्रोसेसर ती ओळखत नाहीत. एकूण मर्यादा जी४१ वर ८ जीबी, दोन स्लॉटांच्या एच६१ वर १६ जीबी. तरी बोर्डाच्या माहितीपुस्तिकेत त्याहून कमी आकडा दिला असेल तर तोच धरा.

स्टिकरही वाचा. ‘पीसी३-१०६००’ नंतर ‘यू’ असेल तर ती साधी डेस्कटॉप रॅम. ‘आर’ असेल तर ती सर्व्हरची रजिस्टर्ड रॅम. स्लॉटमध्ये नीट बसते, स्वस्तही मिळते, पण या बोर्डांवर मशीन चालू होणार नाही. ‘फक्त एएमडीसाठी’ म्हणून विकली जाणारी स्वस्त रॅमही इंटेल बोर्डासाठी घेऊ नका. तिच्या चिपा चार-चार बिटांच्या असतात आणि इंटेलचे हे चिपसेट त्या चालवत नाहीत. डीडीआर३एल, म्हणजे १.३५ व्होल्टची रॅम, १.५ व्होल्टवरही चालते. तिची भीती नको. १.६५ व्होल्ट लिहिलेली रॅम मात्र एच६१ साठी टाळा.

वेग कमी दिसला तर तो बिघाड समजू नका. १३३३ ची रॅम जी४१ वर १०६६ ला चालते, प्रोसेसरचा एफएसबी (बोर्डाशी बोलण्याचा वेग) ८०० असेल तर ८०० लाच. एच६१ वर सँडी ब्रिज (इंटेल कोअरच्या दुसऱ्या पिढीचा) प्रोसेसर असेल तर १६०० ची रॅम १३३३ ला चालते. दोन वेगांच्या रॅम एकत्र लावल्या तर दोन्ही कमी वेगाने धावतात.

रचना बरोबर आहे, तरी डिस्प्ले नाही

१. बटण बंद करून पॉवर केबल काढा आणि पॉवरचं बटण १० सेकंद दाबून धरा. केबल जोडलेली असेल तर बंद मशीनच्या बोर्डावरही ५ व्होल्टचा स्टँडबाय पुरवठा चालू असतो. त्या अवस्थेत रॅम काढली-घातली तर रॅम किंवा बोर्ड जळू शकतो. कॅबिनेटच्या पत्र्याला हात लावून मगच रॅमला हात लावा.

२. सगळ्या रॅम काढा. सोनेरी पट्ट्यांवरून पांढरं खोडरबर हलक्या हाताने फिरवा, चुरा स्लॉटपासून लांब झटका, मग आयसोप्रोपिल अल्कोहोलने पुसा. पॉलिश पेपर अजिबात नको: सोन्याचा थर अतिशय पातळ असतो, तो गेला की खालचा धातू गंजतो. स्लॉट कोरड्या मऊ ब्रशने साफ करा. कोकण-गोव्याच्या दमट, खाऱ्या हवेत पट्ट्या लवकर काळवंडतात. पावसाळ्यात बंद पडणारी कितीतरी मशीन एवढ्यानेच सुरू होतात.

३. एकच रॅम, पहिल्या स्लॉटमध्ये. दोन्ही टोकांवर अंगठ्यांनी सारखा दाब द्या. क्लिप आपोआप बंद झाली पाहिजे. काही बोर्डांवर एकाच टोकाची क्लिप हलते, तिथे दुसरं टोक अर्धवट वर राहण्याची चूक फार होते.

४. सीमॉस क्लिअर करा, म्हणजे बायॉसमध्ये (मशीन सुरू करणाऱ्या, बोर्डावरच्या प्रोग्रॅममध्ये) साठवलेल्या सेटिंग पुसा. केबल काढलेली असतानाच जंपर (तीन पिनांवरची छोटी टोपी) १-२ वरून २-३ वर १० सेकंद ठेवून परत आणा, किंवा सीआर२०३२ सेल पाच मिनिटं काढून ठेवा. जुन्या रॅमचं टायमिंग बायॉसमध्ये हाताने भरलेलं असेल तर नवी रॅम त्यामुळे अडते.

५. आता प्रत्येक रॅम प्रत्येक स्लॉटमध्ये एकटी लावून पाहा आणि निकाल कागदावर लिहा. दोन रॅम, दोन स्लॉट, चार नोंदी. एक रॅम दोन्ही स्लॉटांत नापास झाली तर दोष रॅमचा. एका स्लॉटमध्ये दोन्ही नापास झाल्या तर दोष स्लॉटचा किंवा त्याच्या मागचा.

हे ‘मागचं’ दोन्ही बोर्डांत वेगळं आहे. जी४१ मध्ये मेमरी कंट्रोलर (रॅमशी बोलणारा भाग) बोर्डावरच्या नॉर्थब्रिज नावाच्या चिपमध्ये असतो. एच६१ मध्ये तो प्रोसेसरच्या आत असतो, त्यामुळे प्रोसेसर बसतो त्या ११५५ सॉकेटमधली एक पिन वाकली, तिच्यावर थर्मल पेस्ट गेली, किंवा कूलर एका बाजूने जास्त आवळला गेला, तरी एक स्लॉट मेल्यासारखा वागतो. बोर्ड भंगारात टाकण्याआधी कूलर सैल करून सारखा बसवा आणि टॉर्च-भिंग घेऊन पिना तपासा.

बोर्डाला छोटा स्पीकर जोडलेला असू द्या. अवॉर्ड कंपनीच्या बायॉसमध्ये थांबून थांबून येणारी लांब बीप आणि एएमआय कंपनीच्या बायॉसमध्ये तीन छोट्या बीप, दोन्ही मेमरीकडे बोट दाखवतात.

डिस्प्ले आला, पण जीबी कमी

बायॉसमध्ये पूर्ण आकडा दिसत असेल तर रॅमला दोष देऊ नका. ३२-बिट विंडोज ४ जीबीपैकी साधारण ३ ते ३.५ जीबीच वापरते. उपाय एकच, ६४-बिट विंडोज. विंडोज ७ होम बेसिक ६४-बिट असली तरी ८ जीबीवर थांबते. ६४-बिट असूनही कमी दिसत असेल तर एमएसकॉन्फिग या विंडोजच्याच प्रोग्रॅममध्ये ‘बूट’, मग ‘अ‍ॅडव्हान्स्ड ऑप्शन्स’ उघडा आणि ‘मॅक्झिमम मेमरी’ची टिक काढा. बायॉसमध्ये ‘मेमरी रीमॅप’ असेल तर चालू करा. ऑनबोर्ड ग्राफिक्सने घेतलेला वाटा मात्र परत मिळत नाही.

चालतं, पण मधेच निळा स्क्रीन

‘मेमरी मॅनेजमेंट’ लिहिलेला निळा स्क्रीन किंवा झिप फाइल उघडताना येणारी एरर दिसली तर मशीनवर महत्त्वाचं काम करू नका. खराब रॅममुळे फाइली गुपचूप बिघडतात. पेनड्राइव्हवरून मेमटेस्ट८६+ हा रॅम तपासणारा प्रोग्रॅम चालवा. किमान एक पास (तपासणीची फेरी) पूर्ण होऊ द्या, रात्रभर चालला तर उत्तम. एकही लाल ओळ आली तर निकाल नापास, ‘एकच तर आहे’ म्हणून सोडू नका. मग प्रत्येक रॅम एकटी तपासा. एकटी पास होते पण जोडीत नापास होते, असं दिसलं तर बायॉसमध्ये वेग एक पायरी खाली आणून पुन्हा टेस्ट लावा. तरीही लाल ओळ आली तर त्या दोन रॅमची जोडी फोडा आणि एकाच कंपनीच्या, एकाच भाग क्रमांकाच्या दोन रॅम घ्या.