गाणं, पेटी, तबला घरी रेकॉर्ड करायचंय? इंटरफेस घेण्याआधी माइक मोजा

खोक्यावर ठळक अक्षरांत '१९२ किलोहर्ट्झ' छापलेलं असतं, त्याकडे बघून इंटरफेस (माइकचा आवाज संगणकात नेणारी डबी) घेऊ नका. हा आकडा आवाजाचे सेकंदाला किती हजार नमुने (सॅम्पल) घेतले जातात ते सांगतो, आणि बिट म्हणजे प्रत्येक नमुना किती बारकाईने नोंदला जातो ते. घरच्या रेकॉर्डिंगला २४ बिट, ४८ किलोहर्ट्झ भरपूर झालं. त्यात एका माइकचं रेकॉर्डिंग मिनिटाला साधारण ८.६ एमबी होतं. १९२ वर तेच चौपट जागा खातं आणि गाणं काही अधिक गोड होत नाही.

एका वेळी किती माइक लागतील ते आधी कागदावर लिहा. गायकाला एक, पेटीला एक, तबल्याला दोन (एक दायाँकडे, एक डग्ग्याकडे). सगळे एकत्र बसणार असतील तर चार. आधी तबला, मग त्यावर गाणं असं करणार असाल तर दोनांत भागतं.

इथेच बहुतेकजण फसतात. मॉडेलच्या नावातला आकडा सगळे इनपुट धरून असतो. फोकसराइटच्या स्कारलेट '४आय४'मध्ये इनपुट चार, पण माइकचे प्रीॲम्प (माइकचा क्षीण आवाज वाढवणारा भाग) दोनच. उरलेले दोन लाइन इनपुट, म्हणजे आधीच मोठा सिग्नल देणाऱ्या उपकरणांसाठीचे. तिथे माइक जोडलात तर आवाज जेमतेम येतो आणि तो उचलायला प्रीॲम्पच नसतो. आउटपुट असलेला इलेक्ट्रॉनिक तानपुरा मात्र तिथे छान बसतो. चार माइक लावायचेच असतील तर चार प्रीॲम्पचा इंटरफेस बघा, उदाहरणार्थ बेहरिंगर यूएमसी४०४एचडी.

मग गेन बघा, म्हणजे प्रीॲम्प आवाज किती वाढवू शकतो ते. तो डेसिबलमध्ये (डीबी) मोजतात. कंडेन्सर प्रकारच्या माइकला ४८ व्होल्टचा फँटम पॉवर (इंटरफेसमधून माइकच्या वायरीतूनच जाणारी वीज) लागतो, पण गेन कमी पुरतो. डायनॅमिक प्रकारच्या माइकचं उलटं. शूरच्या एसएम७बी या डायनॅमिक माइकला किमान ६० डीबी गेन हवा. चौथ्या पिढीच्या स्कारलेट सोलोमध्ये तो ५७ डीबीच मिळतो, २आय२मध्ये ६९. हळू आवाजात आलाप घेणाऱ्यांसाठी हे १२ डीबी फार मोलाचे आहेत.

गाताना हेडफोनमध्ये स्वतःचा आवाज उशिरा आला की सूर हमखास ढळतो. संगणक आवाज थोडा साठवून मग पुढे पाठवतो, त्या साठ्याला बफर म्हणतात. ४८ किलोहर्ट्झला १२८ सॅम्पलचा बफर म्हणजे एका बाजूचे २.७ मिलिसेकंद, जाऊन-येऊन त्याच्या दुपटीहून जास्त. म्हणून 'डायरेक्ट मॉनिटर'ची सोय असलेलाच इंटरफेस घ्या. त्यात माइकचा आवाज संगणकात न जाता थेट कानात येतो. विंडोजवर कंपनीचा स्वतःचा असिओ ड्रायव्हर (आवाजातला हा उशीर कमी ठेवणारं सॉफ्टवेअर) आहे ना, तेही विचारा.

लेव्हल लावताना तबलजींना पूर्ण जोरात तिहाई वाजवायला सांगा आणि मीटर उणे १२ डीबीच्या आसपास ठेवा. नुसता ठेका ऐकून लावलेला गेन समेवर फाटतो, आणि एकदा शून्याला, म्हणजे मीटरच्या कमाल मर्यादेला, आपटलेला ठोका नंतर दुरुस्त होत नाही.

'हूं' असा घुमणारा आवाज येत असेल तर लॅपटॉपचा चार्जर काढून बघा. थांबला तर दोष अर्थिंगच्या वाटेचा. सगळी उपकरणं अर्थिंग असलेल्या एकाच बोर्डावर घ्या.

दुकानात जाताना स्वतःचा माइक आणि हेडफोन सोबत न्या. माइक जोडा, त्याच्यापासून वीतभर अंतरावर नेहमीच्या आवाजात षड्ज लावा आणि मीटर उणे १२ला येईपर्यंत गेन वाढवा. मग गप्प राहून ऐका. सूंऽऽ असा फुसफुसाट स्पष्ट ऐकू आला तर दुसरा इंटरफेस मागा.