‘पुट आउट’ वापरताना या चुका टाळा

बेळगाव, खानापूर, निपाणी या पट्ट्यातील मराठी माध्यमाचा विद्यार्थी घरी मराठी आणि बाजारात कन्नड बोलत वाढतो. त्याच्या इंग्रजी वहीत ‘पुट आउट’ या क्रियापदासमोर बहुधा ‘विझवणे’ एवढाच एक अर्थ लिहिलेला असतो. तो अर्थ बरोबरच आहे. पण तेवढ्यावर विसंबून वाक्ये रचली, की ठरावीक चुका होऊ लागतात.

त्यांपैकी सर्वांत महत्त्वाची चूक ‘गो आउट’ आणि ‘पुट आउट’ यांच्या गल्लतीची आहे. उसाच्या फडाला लागलेली आग शेजाऱ्यांनी धावून येऊन आटोक्यात आणली असेल आणि नुकसानभरपाईच्या इंग्रजी अर्जात ‘द फायर वेन्ट आउट’ असे लिहिले, तर आग आपोआप विझली असा अर्थ होतो आणि माणसांच्या धडपडीचा उल्लेखच राहून जातो. तेथे ‘द फायर वॉज पुट आउट’ असेच लिहायला हवे. हा भेद आपल्याला परका नाही. मराठीत आग ‘विझली’ आणि आग ‘विझवली’ ही रूपे वेगळी आहेत आणि कन्नडमध्येही ‘आरितु’ आणि ‘आरिसिदरु’ असाच फरक आहे. इंग्रजी वाक्य लिहिण्यापूर्वी ते या दोहोंपैकी एका भाषेत मनात म्हणून पाहिले, तर योग्य क्रियापद सहज निवडता येते.

शब्दक्रमातही घोटाळा होतो. ‘पुट आउट द फायर’ आणि ‘पुट द फायर आउट’ या दोन्ही रचना शुद्ध आहेत. मात्र आगीऐवजी सर्वनाम आले, की ते मध्येच बसते. म्हणून ‘पुट इट आउट’ म्हणावे, ‘पुट आउट इट’ म्हणू नये. ‘पुट ऑफ’ हे तर निराळेच क्रियापद आहे. प्रमाण इंग्रजीत त्याचा मुख्य अर्थ लांबणीवर टाकणे असा असल्यामुळे ते आगीसाठी वापरू नये, आणि विजेच्या दिव्यासाठी ‘स्विच ऑफ’ किंवा ‘टर्न ऑफ’ वापरावे.

‘पुट आउट’मधल्या ‘आउट’चा अर्थ ‘बाहेर’ असाच घेतल्यामुळेही गोंधळ होतो. ‘डाय आउट’, ‘वेअर आउट’, ‘बर्न आउट’ यांतला ‘आउट’ एखादी गोष्ट पूर्ण संपल्याचे सुचवतो, आणि विझवण्याच्या अर्थी ‘पुट आउट’मध्येही तोच भाव आहे. हा वापर जुना आहे. 1611 च्या इंग्रजी बायबलमध्ये वेदीवरचा अग्नी विझू देऊ नये या आज्ञेत हेच क्रियापद येते, आणि त्याच ग्रंथात शमशोन या बलाढ्य पुरुषाचे डोळे काढल्याचे सांगतानाही तेच वापरले आहे. शेक्सपिअरच्या नाटकातला ऑथेल्लो आपली पत्नी डेस्डेमोना हिला मारण्यापूर्वी दिवा विझवण्याचे शब्द लागोपाठ दोनदा उच्चारतो. पहिल्यांदा ते समोरच्या दिव्याला उद्देशून असतात आणि दुसऱ्यांदा तिच्या प्राणांना. ‘प्राणज्योत मालवली’ असे म्हणणाऱ्या मराठी वाचकाला हा श्लेष समजावून सांगावा लागत नाही.

तरीही ‘बाहेर’ हा अर्थ पुसला गेलेला नाही, हेही ध्यानात ठेवावे. दिवाळीत ‘पुट द लॅम्प्स आउट’ असे कोणी म्हणाले, तर पणत्या विझवायच्या की दारात नेऊन ठेवायच्या, हे संदर्भावाचून कळत नाही. बाहेर ठेवायच्या असतील, तर ‘ऑन द स्टेप्स’ असे स्थळ जोडावे. शाळेने सूचना प्रसिद्ध करणे, खांदा निखळणे, जहाजाने समुद्रात निघणे, एखाद्याची गैरसोय होणे, या सर्वांसाठी हेच क्रियापद चालते. अमेरिकी बोलीत व्यक्तीविषयी ते कर्माशिवाय वापरल्यास लैंगिक अर्थ निघतो, म्हणून तसा वापर टाळावा.

भूतकाळात ‘पुट’चे रूप बदलत नाही; त्यामुळे काही जण ‘पुटेड’ लिहितात, तर काही ‘आय वॉज पुट आउट द फायर’ अशी रचना करतात. त्यातले नुसते ‘आय वॉज पुट आउट’ म्हणजे मला वाईट वाटले, मी दुखावलो. आग आपण विझवली असेल, तर ‘वॉज’ गाळावा आणि काळ स्पष्ट होण्यासाठी ‘आय पुट आउट द फायर यस्टरडे’ असे लिहावे.